अमेरिकेतल्या भारतीयांची दुसरी पिढी: राहते कुठे, मत कुणाला देते, आणि हे नकाशावरून कळतं का?

शाईपेन (धागाकर्ता)

एका दिवाळी अंकासाठी लेख करायचा आहे. विषय असा: अमेरिकेत जन्मलेली, पण आईवडील भारतातून तिकडे गेलेली मुलंमुली कोणत्या पक्षाकडे झुकतात आणि ती कुठे कुठे राहतात. मराठी घरांबद्दल वेगळं काही सांगता आलं तर संपादकांना हवंच आहे.

हाताशी दोन तक्ते आहेत. एक अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा (जनगणना कार्यालयाचं दरवर्षीचं सर्वेक्षण), काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे राज्याखालचा जिल्ह्यासारखा विभाग) भारतीय लोकसंख्येचा. दुसरा २०१२ ते २०२४ या चार अध्यक्षीय निवडणुकांच्या काउंटीनिहाय निकालांचा. शेजारी ठेवले की एक ओळ उघड दिसते. टेक्ससमधली फोर्ट बेंड २०१२ मध्ये रिपब्लिकन रॉम्नींकडे होती, २०१६ मध्ये डेमोक्रॅट हिलरी क्लिंटनकडे गेली. जॉन्सन यांच्या १९६४ च्या विजयानंतर तिथे डेमोक्रॅट पहिल्यांदाच जिंकला. जॉर्जियातल्या फॉर्साइथमध्ये रॉम्नींना ८० टक्क्यांच्या आसपास मतं होती, २०२० मध्ये ट्रम्पना ६६ च्या आसपास. व्हर्जिनियातली लाउडनही त्याच दिशेने सरकली. तिन्ही ठिकाणी याच काळात भारतीय वस्ती झपाट्याने वाढली.

प्रश्न:
१. यावरून ‘दुसरी पिढी डेमोक्रॅटिक पक्षाकडे’ असं लिहिता येईल का?
२. पिढीनुसार वेगळे आकडे कुठे मिळतात?
३. त्यातून मराठी वेगळे काढता येतात का?
४. २०२४ मध्ये तरुण मुलगे रिपब्लिकन पक्षाकडे वळले असं सगळीकडे लिहून येतंय. त्यात किती तथ्य?

सांख्यिक

शाईपेन, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. नकाशा चांगला आहे, लेखात घ्या, पण तो जे सांगतोय ते वेगळं आहे.

काउंटीचा निकाल हा तिथल्या सगळ्या मतदारांचा असतो. समजा एका काउंटीत दुसऱ्या पिढीचे भारतीय एकूण मतदारांच्या ८ टक्के आहेत आणि डेमोक्रॅटला ६० टक्के मतं पडली. या ८ टक्क्यांपैकी एकानेही डेमोक्रॅटला मत दिलं नाही असं धरा. उरलेल्या ९२ मधून ६० येऊ शकतात, काहीच अडत नाही. आता सगळ्यांनी दिलं असं धरा. तरी उरलेल्या ९२ मधून ५२ आले की बेरीज जमते. म्हणजे त्या गटाचा कल शून्य ते शंभर यांत कुठेही असू शकतो आणि निकाल तोच राहतो. डंकन आणि डेव्हिस यांनी १९५३ मध्ये मांडलेला हा सीमांचा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो, आणि असा कोणताही नकाशा छापण्याआधी करायलाच हवा.

गट मोठा असेल तरच सीमा आवळतात. एखाद्या मतदान केंद्राच्या हद्दीत ७० टक्के मतदार एका गटाचे आहेत आणि डेमोक्रॅटला ६० टक्के पडले. बाकीच्या ३० पैकी सगळ्यांनी दिलं असं धरलं तरी गटातून निदान ३० यायलाच हवेत: ३० भागिले ७०, म्हणजे ४३ टक्के. वरची मर्यादा ६० भागिले ७०, म्हणजे ८६ टक्के. एवढ्या दाट वस्तीतही उत्तर ४३ ते ८६. आणि दुसऱ्या पिढीचे प्रौढ भारतीय ७० टक्के असलेली अख्खी काउंटी अमेरिकेत नाही.

या चुकीचं शास्त्रातलं सर्वात गाजलेलं उदाहरण स्थलांतरितांचंच आहे. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये १९३० च्या जनगणनेचे आकडे घेतले. राज्यनिहाय पाहिलं तर जिथे परदेशात जन्मलेले जास्त तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचं माप, उणे एक ते अधिक एक) उणे ०.५३. एकेक माणूस पाहिला तर उलट: परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता किंचित जास्त, सहसंबंध अधिक ०.१२. कारण सरळ आहे. स्थलांतरित मुळात साक्षर, संपन्न राज्यांत जाऊन राहिले होते. तुमच्या नकाशातही हेच होऊ शकतं. भारतीय कुटुंबं चांगल्या शाळा आणि तंत्रज्ञानाच्या नोकऱ्या असलेल्या उपनगरांत जातात. तिथेच पदवीधर गोरे मतदारही जातात, आणि २०१६ नंतर ते मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅटिक पक्षाकडे सरकले. फोर्ट बेंडमध्ये तर काळे, लॅटिनो, गोरे आणि आशियाई असे चारही गट मोठे आहेत. बदल कुणामुळे झाला हे काउंटीच्या बेरजेतून सुटत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशात दिसत नाही: भारतीय लोकसंख्या म्हणजे भारतीय मतदार नव्हेत. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग अनेक वर्षांची. ग्रीन कार्डानंतर नागरिकत्वाला साधारणपणे पाच वर्षं. फ्रिस्को, ॲशबर्न, कमिंग अशा नव्या उपनगरांत एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरचे आईवडील मतदानाला पात्रच नाहीत, आणि त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं जन्मतः नागरिक असली तरी बरीचशी अजून अठराची व्हायची आहेत. एच-१बीची वार्षिक मर्यादा २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत १,९५,००० होती. त्या लाटेतल्या घरांत २००० ते २००५ च्या सुमारास जन्मलेली मुलं २०१८ ते २०२३ मध्ये अठराची झाली. त्याआधीची, म्हणजे १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांची मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. लेखात या दोन पिढ्या ‘दुसरी पिढी’ म्हणून एकत्र टाकू नका. वय, वाढलेली जागा, आईवडिलांचा व्यवसाय, सगळंच वेगळं आहे.

नमुना_आणि_भारांक

दुसऱ्या प्रश्नावर. तुम्ही घेतलेल्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत आईवडिलांचा जन्म कुठे झाला हे विचारतच नाहीत. दर दहा वर्षांच्या जनगणनेत तो प्रश्न १९७० पर्यंत होता. १९८० पासून तो गेला आणि त्याजागी ‘तुमचा वंश-वारसा कोणता’ असा सैल प्रश्न आला. त्यामुळे त्या सर्वेक्षणातून दुसरी पिढी ओळखता येते ती फक्त आईवडिलांच्याच घरात राहणारी. स्वतंत्र बिऱ्हाड केलेला तिशीचा माणूस ‘अमेरिकेत जन्मलेला एशियन इंडियन’ एवढाच दिसतो. तो दुसऱ्या पिढीचा की तिसऱ्या, कळत नाही.

वडिलांचं आणि आईचं जन्मस्थान नियमितपणे विचारणारं मोठं सरकारी सर्वेक्षण म्हणजे करंट पॉप्युलेशन सर्व्हे. हे प्रश्न त्यात १९९४ पासून आहेत. दरमहा सुमारे ६०,००० घरांचा नमुना. सम वर्षांच्या नोव्हेंबरमध्ये त्याला मतदानाची पुरवणी जोडतात: नोंदणी केली का, मत दिलं का. कुणाला दिलं हे मात्र विचारत नाहीत, पक्षही विचारत नाहीत.

काम असं करा. मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्स संकेतस्थळावर खातं उघडा, ते फुकट आहे. करंट पॉप्युलेशन सर्व्हे निवडा आणि २०१६, २०१८, २०२०, २०२२, २०२४ चे नोव्हेंबरचे नमुने घ्या. स्तंभ हे घ्या: स्वतःचं जन्मस्थान, वडिलांचं, आईचं, नागरिकत्व, वय, लिंग, शिक्षण, राज्य, नोंदणी, मतदान, आणि व्यक्तीचा भारांक (नमुन्यातला एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी आहे तो आकडा). भारताचा संकेतांक ५२१०० आहे. स्वतः अमेरिकेत जन्मलेला आणि आई किंवा वडील यांपैकी निदान एकाचं जन्मस्थान भारत, ही तुमची दुसरी पिढी. दोघेही भारतात जन्मलेले आणि एकच भारतात जन्मलेला, असे दोन उपगट वेगळे ठेवा. दोन्हींचे आकडे एकसारखे येत नाहीत. वय १८ च्या खालचे काढा.

यात कुठे कुठे घसरायला होतं ते सांगतो.

पहिलं, गट फार लहान निघतो. एका नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या पिढीचे प्रौढ भारतीय काही शेच असतील. म्हणून अनेक वर्षं एकत्र करावी लागतात. या सर्वेक्षणात घर चार महिने असतं, आठ महिने बाहेर, मग परत चार महिने. एकूण सोळा महिन्यांत संपतं, म्हणजे दोन वर्षांच्या अंतराच्या नोव्हेंबरमध्ये तेच घर पुन्हा येत नाही. एकत्र करायला हरकत नाही. लोकसंख्या मोजायची असेल तर भारांकाला वर्षांच्या संख्येने भागा, नाहीतर पाच वर्षांची बेरीज पाचपट दिसेल. मतदानाचं प्रमाण काढताना मात्र अध्यक्षीय वर्षं आणि मधली (अध्यक्षपदाची निवडणूक नसलेली) वर्षं वेगळीच ठेवा.

दुसरं, मतदानाच्या प्रश्नाला ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना अधिकृत तक्त्यांत ‘मत दिलं नाही’ असं धरतात. दुसरीकडे, न देताही दिलं म्हणून सांगणारे असतात. हुर आणि आचन यांनी २०१३ मध्ये यावर उपाय सुचवला: उत्तर न देणारे बाजूला काढा आणि प्रत्येक राज्यातल्या प्रत्यक्ष मतदानाशी जुळेल असा भारांक लावा. तुलना करताना दोन्ही बाजूंना एकच पद्धत लावली पाहिजे.

तिसरं खास तुमच्या विषयाचं आहे. घरातली एक व्यक्ती सगळ्यांच्या वतीने उत्तरं देते, आणि कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी मुलं या सर्वेक्षणात आईवडिलांच्या घरी मोजतात. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे त्यांना वसतिगृहातच मोजतो. म्हणजे एडिसनची वीस वर्षांची मुलगी मिशिगन विद्यापीठात शिकत असेल तर एका सर्वेक्षणात ती न्यू जर्सीत आणि दुसऱ्यात ॲन आर्बरला. तिची मतदार नोंदणी यांपैकी कुठेही असू शकते. १८ ते २२ वयोगटाचा भूगोल मांडताना कोणता तक्ता वापरला हे नकाशाखाली लिहा.

चौथं, आईवडिलांच्या जन्मस्थानावर चाळणी लावली की केनिया, युगांडातून आलेली गुजराती घरं निसटतात. तिथे आईवडिलांचं जन्मस्थान आफ्रिकेत. गयाना, त्रिनिदादची भारतीय वंशाची घरंही. उलट वंशाच्या चाळणीत ती येतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, विशेषतः रिचमंड हिल भागात, हा फरक मोठा पडतो.

आता पक्ष. पिढी, पक्ष, मत आणि काउंटी या चारही गोष्टी एकाच माणसाबद्दल विचारणारं मोठं सर्वेक्षण म्हणजे कोऑपरेटिव्ह इलेक्शन स्टडी. निवडणुकीच्या वर्षात ५०-६० हजार उत्तरदाते असतात. त्यात पर्याय असतात ते असे: मी स्थलांतरित नागरिक, स्थलांतरित पण नागरिक नाही, मी अमेरिकेत जन्मलो पण आई किंवा वडील स्थलांतरित, आजीआजोबांपैकी कुणी स्थलांतरित, किंवा सगळेच इथले. मतदार यादीशी ताडून खरंच मत दिलं का हेही जोडलेलं असतं. अडचण अशी की मुख्य वांशिक प्रश्नात ‘आशियाई’ हा एकच चौकोन. निवडलेल्या वर्षाच्या प्रश्नावलीत मूळ देशाचा उपप्रश्न आहे का हे आधी तपासा. नसेल तर चिनी, व्हिएतनामी, फिलिपिनो, भारतीय सगळे एकत्र येतील, आणि त्यांचे कल सारखे नाहीत.

शाईपेन

फार उपयोगी. दोन उपप्रश्न. पक्ष विचारतात तेव्हा ‘अपक्ष’ म्हणणारे खूप असतात, त्यांना कुठे टाकायचं? आणि मतदार नोंदणीत पक्ष असतो ना, मग सर्वेक्षणं कशाला?

काउंटीदर्शी

नोंदणीतला पक्ष सगळ्या राज्यांत नसतो. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना इथे आहे. टेक्सस, इलिनॉय, जॉर्जिया, व्हर्जिनिया, मिशिगन, वॉशिंग्टन इथे मतदार नोंदणी करताना पक्ष लिहीतच नाही. तुमच्या नकाशातल्या तिन्ही काउंट्या या दुसऱ्या गटातल्या राज्यांत येतात. तिथे फार तर कोणत्या पक्षाच्या प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) मत दिलं एवढं कळतं, आणि प्राथमिक फेरीला फार थोडे लोक जातात.

जिथे पक्ष नोंदतात तिथेही कोणत्याच पक्षात न नोंदलेले भरपूर. नॉर्थ कॅरोलिनात २०२२ पासून असे मतदार दोन्ही पक्षांपेक्षा जास्त आहेत. कारण तिथे पक्ष न नोंदताही कोणत्याही एका पक्षाच्या प्राथमिक फेरीत मत देता येतं, मग शिक्का कशाला मारून घ्या.

सर्वेक्षणातल्या अपक्षांबद्दल: पहिला प्रश्न ‘स्वतःला डेमोक्रॅट समजता, रिपब्लिकन की अपक्ष’ असा असतो. अपक्ष म्हटलं की दुसरा प्रश्न, ‘त्यातल्या त्यात कोणाकडे झुकता?’ पक्षाचं नाव घेणाऱ्यांना ‘पक्के की तितकेसे पक्के नाही?’ असं विचारतात. सगळं मिळून सात पायऱ्यांची पट्टी होते. झुकणारे अपक्ष मतदानात पक्षसमर्थकांसारखेच वागतात, म्हणून बहुतेक अभ्यासक त्यांना त्या त्या पक्षात धरतात. पण स्थलांतरित घरांत आणखी एक प्रकार असतो: प्रश्न मुळातच लागू न वाटणारे. ‘माहीत नाही’, ‘तसा विचार केला नाही’. हजनाल आणि ली यांनी २०११ मध्ये आशियाई आणि लॅटिनो मतदारांबाबत हे सविस्तर दाखवलं. अमेरिकन मुलाला आईवडिलांकडून पक्ष वारशात मिळतो असं जुनं गृहीतक आहे. ज्या घरात आईवडिलांनाच पक्ष नव्हता तिथे ते तुटतं. म्हणून तक्त्यात चार रकाने ठेवा: डेमोक्रॅट (झुकणारे धरून), रिपब्लिकन (झुकणारे धरून), खरे अपक्ष, आणि उत्तर न देणारे. चौथा रकाना गाळून टक्के काढले की पहिली पिढी जेवढी पक्की दिसते तेवढी ती नसते, आणि दोन पिढ्यांमधली तुलना तिथेच बिघडते.

आडनावांचा_डोंगर

तिसरा प्रश्न, मराठी वेगळे काढण्याचा. दोन वाटा आहेत, दोन्ही अरुंद.

भाषेची वाट: अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या तयार तक्त्यात, क्रमांक बी १६००१, मराठी स्वतंत्र नाही. ‘नेपाळी, मराठी व इतर इंडिक भाषा’ असा एकच रकाना आहे. तो मराठी म्हणून वापरू नका. काही शहरांत त्यात नेपाळीच जास्त असतील. मूळ नोंदींच्या फाइलमध्ये मराठी वेगळी सापडते, पण तिथे सर्वात लहान भौगोलिक तुकडा निदान एक लाख वस्तीचा असतो, काउंटी नेहमी मिळत नाही. शिवाय प्रश्न ‘घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता’ असा आहे. स्वतंत्र राहणारी, घरात इंग्रजी बोलणारी दुसरी पिढी यातून जवळजवळ पूर्ण गळते. उरतात ती आईवडिलांसोबत राहणारी मुलं. भाषेवरून पहिल्या पिढीचा नकाशा चांगला होतो, दुसऱ्याचा होत नाही.

आडनावाची वाट: नॉर्थ कॅरोलिनाची मतदार यादी राज्य निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येते. त्यात नाव, काउंटी, जन्मवर्ष, वंश, पक्ष आणि जन्माचं राज्य असे रकाने आहेत. वेक काउंटीत केरी आणि मॉरिसव्हिल इथे भारतीय वस्ती दाट आहे, तिथून सुरुवात करता येईल. आडनाव मराठी, वंश ‘आशियाई’, जन्म अमेरिकेतल्या राज्यात, अशी तिहेरी चाळणी लावली की दुसऱ्या पिढीच्या जवळ पोचता. जन्मराज्य पुष्कळांनी कोरं ठेवलेलं असतं. कोऱ्यांना अमेरिकेत जन्मलेले धरू नका, वेगळे मोजा. वंश न लिहिणारेही असतात, आणि तरुणांत जास्त.

आता आडनावांची यादी. नुसती रोमन अक्षरं जुळवली की गोरे, मोरे, काळे, साने, दाते, पोळे ही नावं इंग्रजी आडनावांत किंवा शब्दांत मिसळतात. गोरे आणि अमेरिकन गोर यांचं स्पेलिंग एकच. वंशाच्या रकान्याशिवाय ही नावं वापरूच नका. जोशी महाराष्ट्रात, गुजरातेत, उत्तराखंडात आणि नेपाळातही. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही उत्तर कर्नाटकातल्या कन्नड घरांचीही आडनावं आहेत. ठोसर, गोखले, आपटे, सहस्रबुद्धे, भोसले, शिंदे अशी नावं तुलनेने निर्धोक, पण फक्त तीच घेतली तर ठरावीक जातींचाच नमुना येतो आणि राजकीय कल काढताना तो दोष गंभीर आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांचं तर वेगळंच: फर्नांडिस, परेरा अशी नावं जनगणना कार्यालयाच्या आडनाव-यादीत पोर्तुगीज, ब्राझिलियन, लॅटिनो लोकांबरोबर येतात, आणि आडनावावरून वंशाचा अंदाज करणारी पद्धत गोव्याच्या माणसाला भारतीय म्हणून ओळखतच नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली यादीतून जातात. दुसऱ्या पिढीत भारतीयेतर जोडीदार असण्याचं प्रमाण पहिल्यापेक्षा जास्त, म्हणून ही गळती नेमकी तुमच्याच गटात मोठी.

महाराष्ट्र मंडळांच्या सदस्ययाद्यांवरून प्रश्नावली पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, स्थानिक मंडळांचं काम मोठं आहे, पण सदस्यत्व बहुधा आईवडिलांच्या नावावर. मुलांपैकी जी गणपतीला, नाटकाला येत राहिली तीच हाती लागतील. करमुक्त सेवाभावी संस्थांना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, त्यामुळे असली प्रश्नावली पाठवायला त्यांचे पदाधिकारी बिचकतातही, आणि ते योग्यच आहे.

आणि कृपा करून मतदार यादीतली नावं लेखात छापू नका. यादी सार्वजनिक असली तरी ‘अमुक गावातली अमुक आडनावाची तीन रिपब्लिकन घरं’ असं लिहिलं की माणसं ओळखू येतात.

सांख्यिक

चौथा प्रश्न, २०२४. भारतीय अमेरिकनांवर सर्वात नीट केलेलं काम म्हणजे कार्नेगी एंडाउमेंट ही अभ्याससंस्था आणि यूगव्ह ही मतचाचणी कंपनी यांचं सर्वेक्षण. सुमित्रा बद्रीनाथन, देवेश कपूर, मिलन वैष्णव यांचं. सप्टेंबर २०२० मध्ये ९३६ नागरिक होते. नोंदणीकृत मतदारांपैकी ७२ टक्के बायडनना, २२ टक्के ट्रम्पना मत देणार म्हणाले. २०२४ मध्ये ७१४ नागरिक होते; ६१ टक्के हॅरिसना, ३२ टक्के ट्रम्पना. स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे ५६ वरून ४७ वर आले.

हा एकूण बदल विश्वासार्ह आहे का? मार्जिन ऑफ एरर (नमुन्यामुळे आकडा दोन्ही बाजूंना किती चुकू शकतो ते) अनुक्रमे ३.२ आणि ३.७. दोन सर्वेक्षणांतल्या फरकाचं मार्जिन म्हणजे दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, सुमारे ४.९. फक्त नोंदणीकृत घेतले की थोडं वाढेल. ११ अंकांची घट त्याच्या बरीच बाहेर आहे. तेव्हा ‘डेमोक्रॅटिक पाठिंबा घटला, बहुमत टिकलं’ हे निर्धास्त लिहा.

चाळिशीखालचे पुरुष जवळपास अर्धे अर्धे वाटले गेले, हेही त्याच सर्वेक्षणात आहे. पण ७१४ पैकी पुरुष अर्धे, त्यांतले चाळिशीखालचे समजा दीडशे. दीडशेचं मार्जिन आठ अंकांचं. त्यांतले अमेरिकेत जन्मलेले समजा साठ-सत्तर. तिथे ते बारा. भारांक लावलेल्या ऑनलाइन नमुन्यात प्रत्यक्ष अनिश्चितता याहून जास्त. तेव्हा ‘तरुण पुरुष आणि तरुण स्त्रियांत मोठी दरी दिसते’ इतकं म्हणता येईल. ‘दुसऱ्या पिढीचे मुलगे रिपब्लिकन झाले’ हे त्या आकड्यांतून निघत नाही. चाळिशीखालच्यांत नागरिकत्व घेतलेलेही आहेत, वय म्हणजे पिढी नव्हे.

पिढ्यांची तुलना करताना वय बांधूनच करा. दुसऱ्या पिढीचे प्रौढ सरासरीने बरेच तरुण आहेत. तरुण अमेरिकन एकूणच डेमोक्रॅटिक पक्षाकडे जास्त झुकत आले आहेत. वय न बांधता दोन पिढ्या शेजारी ठेवल्या तर जो फरक दिसेल तो पिढीचा की वयाचा, कळणार नाही. २५ ते ३९ चे दोन्ही पिढ्यांतले, शिक्षण सारखं, लिंग वेगळं करून. गट पन्नासच्या खाली गेला तर टक्केवारी छापू नका.

काउंटीदर्शी

सांख्यिक यांच्याशी एका मुद्द्यावर थोडा मतभेद. काउंटीचा नकाशा पिढीचा कल सांगत नाही हे मान्य, पण जागेला स्वतःचं वजन असतं, ते लेखातून काढून टाकू नये.

१९६५ नंतरच्या लाटेतले डॉक्टर छोट्या गावांत गेले, कारण परदेशी पदवीच्या डॉक्टरांची गरज तिथे होती. मोटेलवाले गुजराती दक्षिणेतल्या हमरस्त्यांवर पसरले. निकी हेली साउथ कॅरोलिनातल्या बॅमबर्गच्या, बॉबी जिंदल बॅटन रूजचे, विवेक रामस्वामी सिनसिनाटीचे. तिघेही अमेरिकेत जन्मलेले, तिघेही रिपब्लिकन, आणि तिघेही भारतीय वस्ती विरळ असलेल्या जागी वाढलेले. रो खन्ना फिलाडेल्फियात जन्मले आणि फ्रीमाँट-सांता क्लाराच्या मतदारसंघातून निवडून येतात. सुहास सुब्रमण्यम ह्यूस्टनमध्ये जन्मले, लाउडन असलेल्या व्हर्जिनियाच्या दहाव्या मतदारसंघातून येतात. हे दोघे डेमोक्रॅट. पाच नेत्यांवरून नियम काढायचा नाही, पण प्रश्न नेमका विचारता येतो: कल घडतो तो वाढलेल्या गावात की आता राहतो त्या गावात? मतदार यादी आणि सर्वेक्षणं बहुतेक आत्ताचा पत्ता देतात. छोट्या गावातून शिकायला महानगरात गेलेला आणि तिथेच राहिलेला माणूस शहराच्या खात्यात पडतो. गावात मागे राहिलेला वेगळा. म्हणजे नकाशावर जी दरी दिसते तिच्यात कुणी स्थलांतर केलं याचाही वाटा असतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या यादीतलं जन्मराज्य इथे कामी येतं: तिथेच जन्मलेले आणि न्यू जर्सीत जन्मून तिथे आलेले यांची नोंदणी वेगळी मोजून पाहा.

दुसऱ्या समाजांकडेही एकदा बघा. टेक्ससच्या मेक्सिको सीमेवरची, बहुतेक लॅटिनो वस्तीची स्टार काउंटी २०२४ मध्ये रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली, १८९२ नंतर पहिल्यांदा. ‘स्थलांतरितांची मुलं वळली’ असं पुष्कळांनी लिहिलं. पण तिथली किती तरी घरं पिढ्यान् पिढ्या तिथलीच आहेत, सीमा त्यांच्यापाशी आली. मायामी-डेडमध्ये ट्रम्प जिंकले, १९८८ नंतर पहिला रिपब्लिकन. तिथे क्युबन पहिली पिढीच रिपब्लिकन पक्षाचा कणा होती, म्हणजे पिढीचा बाण उलटा. ‘पिढी पुढे गेली की पक्ष अमुक दिशेने’ असा एकच नियम कोणत्याही समाजाला लावू नये.

शाईपेन

श्री ठाणेदार यांचं उदाहरण मराठी वाचकांना जवळचं वाटेल. घेऊ का?

नमुना_आणि_भारांक

घ्या, पण दुसऱ्या पिढीखाली नको. ते १९५५ चे, चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघाचे डेमोक्रॅटिक प्रतिनिधी. ही पहिली पिढी. शिवाय तो डेट्रॉइटचा मतदारसंघ आहे. त्यांच्या विजयावरून मराठी मतदारांबद्दल काही निघत नाही. राजा कृष्णमूर्तीही दिल्लीत जन्मलेले, तान्हे असताना अमेरिकेत आले. करंट पॉप्युलेशन सर्व्हेच्या व्याख्येत ते पहिल्या पिढीत मोजले जातील, वागण्याबोलण्यात मात्र दुसऱ्यासारखे. समाजशास्त्रज्ञ रुंबाउट यांनी यासाठी पायऱ्या केल्या: पाच वर्षांच्या आत आलेले १.७५, सहा ते बारा १.५, तेरा ते सतरा १.२५. आयपम्समध्ये अमेरिकेत आल्याचं वर्ष मिळतं, पण ते बऱ्याचदा दोन-तीन वर्षांच्या गटात असतं, तेव्हा पायरीच्या सीमेवरची माणसं इकडची तिकडे होतात. लहानपणी व्हिसावर आलेली आणि एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या व्हिसातून बाहेर पडणारी मुलं १.७५ किंवा १.५ मध्ये येतात; त्यांना मतदानाचा हक्कच नाही. त्यांना दुसऱ्या पिढीत धरलंत तर मतदानाचं प्रमाण विनाकारण खाली येईल.

नकाशाबद्दल शेवटचं. काउंटीचे रंग ठेवा, पण शीर्षक ‘भारतीय वस्ती वाढलेल्या काउंट्यांमधले निकाल, २०१२–२०२४’ एवढंच द्या. खाली तीन ओळी: लोकसंख्येत नागरिक नसलेले आणि अठराच्या खालचे धरले आहेत, पिढीनुसार विभागणी या तक्त्यात नाही, निकाल सर्व मतदारांचा आहे. पक्षकलाचा तक्ता वेगळ्या पानावर, प्रत्येक ओळीशेजारी उत्तरदात्यांची संख्या छापून. २०२४ ची लाउडनही त्यात दाखवा, तिथे डेमोक्रॅटिक मतांचा वाटा २०२० पेक्षा घसरला आणि भारतीय वस्ती मात्र वाढतच होती.

शाईपेन

लाउडनची ती ओळ घेतो. नॉर्थ कॅरोलिनाची यादी उतरवून घेतली आहे. वेक काउंटीत जन्मराज्य कोरं असलेल्यांची मोजणी आधी करतो आणि तक्ता इथेच टाकतो, नावं वगळून.